'द स्पिरिट ऑफ सेव्हन्टी सिक्स' (१९१७): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांबद्दल काहीही बोललं की ह्या एका पिक्चरवर हमखास मेसेज येतात, आणि बहुतेक सगळे एकाच फॉरवर्डवरून आलेले असतात: "अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यावर पिक्चर काढला म्हणून अमेरिकेनेच प्रोड्यूसरला दहा वर्षं आत टाकलं, खरंय का?" खरंय, पण त्यात बऱ्याच गाठी आहेत. म्हणून परत परत येणारे प्रश्न एकत्र केलेत. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर निदान ४ आणि ९ वाचा.

१. हा पिक्चर नक्की कुठला? ह्या नावाचं एक पेंटिंग पण आहे ना?

पेंटिंग वेगळं. दोन ढोलवाले आणि एक बासरीवाला चाललेत ते चित्र आर्चिबाल्ड विलार्डचं, १८७६ च्या सुमाराचं, अमेरिकन स्वातंत्र्याची शंभरी होती तेव्हाचं. नावातलं शहात्तर म्हणजे १७७६, स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला ते साल. ह्याच नावाचे आणखीही पिक्चर आहेत, १९९० ची एक कॉमेडीसुद्धा. आपण बोलतोय ते १९१७ च्या मूकपटाबद्दल, प्रोड्यूसर रॉबर्ट गोल्डस्टीन, दिग्दर्शक म्हणून नाव लागतं फ्रँक माँटगोमेरीचं. बारा रिळांचा होता, म्हणजे प्रोजेक्टरच्या स्पीडनुसार अडीच-तीन तास. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्याच वर्षी आपल्याकडे फाळक्यांचा 'लंकादहन' आला.

२. स्टोरी काय आहे?

अर्धा इतिहास, अर्धा मेलोड्रामा. इतिहासाच्या बाजूला शाळेच्या पुस्तकातलं सगळं: ब्रिटिश येतायत ही खबर द्यायला पॉल रिव्हियरने केलेली रात्रीची घोडदौड, जाहीरनाम्यावर सह्या, व्हॅली फोर्जच्या थंडीत कुडकुडणारं वॉशिंग्टनचं सैन्य. आणि मेलोड्रामाच्या बाजूला कॅथरीन माँटूर (अॅडा ग्लीसन), जी इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मर्जीतली आणि जिला अमेरिकेची राणी व्हायचंय! हो, खरंच. बाकी कलाकारांत हॉवर्ड गे आणि जेन नोव्हाक. ह्या सगळ्याच्या मध्ये ते हत्याकांडाचे सीन होते ज्यांनी घात केला, त्यांचं ४ आणि ९ मध्ये येईलच.

३. गोल्डस्टीन कोण होता? मोठा डायरेक्टर होता का?

नाही हो. कपडेवाला होता. घरचा धंदा नाटकांना कपडेपट पुरवायचा, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, आईवडील जर्मनीहून आलेले ज्यू. पिक्चरचा धंदा लॉस एंजेलिसला सरकला तसा हाही तिकडे गेला. मग डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्या बड्या दिग्दर्शकाच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'ला (१९१५) अमेरिकन यादवी युद्धाचे युनिफॉर्म ह्याने पुरवले आणि मोबदल्यात त्या पिक्चरमध्ये हिस्सा घेतला. तो पिक्चर इतका तुफान चालला की ह्याला वाटलं, यादवी युद्धावर एवढा पैसा निघतो तर स्वातंत्र्ययुद्धावर किती निघेल! कपडे घरचे, विषय देशभक्तीचा, कोण आक्षेप घेणार. कागदावर हिशोब बरोबरच होता.

आणि हे लक्षात ठेवा की काम सुरू झालं तेव्हा अमेरिका महायुद्धात नव्हती.

४. पण स्वतःच्याच देशाच्या स्वातंत्र्यावर पिक्चर काढला तर जेल कशाला?

कारण पिक्चरमधला व्हिलन मधल्या काळात दोस्त झाला होता.

स्वातंत्र्ययुद्ध कोणाविरुद्ध, तर ब्रिटनविरुद्ध. ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका महायुद्धात उतरली ती ब्रिटनच्या बाजूने, जर्मनीविरुद्ध. सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, पोरं फ्रान्सला जाऊन ब्रिटिश सोल्जरांच्या शेजारी खंदकात बसणार होती, आणि इकडे थिएटरात पडद्यावर लाल कोटातले ब्रिटिश तान्ह्या बाळांना संगिनी खुपसतायत, बायकांना गोळ्या घालतायत, पोरींना फरफटत नेतायत. सरकारचं म्हणणं असं की हे बघून पोरांना ब्रिटनचा राग येईल, भरतीला जायची इच्छा मरेल आणि त्याचा फायदा थेट जर्मनीला होईल.

हातात कायदाही ताजा होता. १५ जून १९१७ चा एस्पिओनाज अॅक्ट, नाव हेरगिरीचं पण त्यातलं एक कलम सैन्यात बेदिली, बंडखोरी किंवा कर्तव्याला नकार असं काही घडवायचा प्रयत्न करण्याबद्दल होतं. त्याच कलमाखाली गोल्डस्टीनला धरलं. एप्रिल १९१८ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, शिक्षा १० वर्षं आणि ५,००० डॉलर दंड.

म्हणजे "स्वातंत्र्यलढ्यावर पिक्चर काढला म्हणून जेल" हे फॉरवर्डमधलं वाक्य खोटं नाही पण अर्धवट आहे. जाहीरनाम्यावर, वॉशिंग्टनवर कोणाचाच आक्षेप नव्हता, तेच हत्याकांडाचे दोन-चार सीन काढून दाखवत राहिला असता तर बहुधा आज आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं.

५. मी वाचलं की शिकागोत पिक्चर पास झाला होता. मग परत केस कशी?

शिकागोत मे १९१७ मध्ये आधी अडवला. तिथे सेन्सॉरचं काम पोलीस खात्याकडे होतं आणि त्याचा साहेब होता मेजर फंकहाउझर, पूर्ण नाव मेटेलस ल्यूकुलस सिसेरो फंकहाउझर (इतकं रोमन नाव असलेला माणूस सेन्सॉर सोडून दुसरं काय होणार). तर ह्या साहेबांनी ब्रिटनविरोधी म्हणून पिक्चर रोखला, गोल्डस्टीनने आक्षेपाचे सीन कापले, मग परवानगी मिळाली आणि पिक्चर चालला.

खरी भानगड लॉस एंजेलिसला झाली. २७ नोव्हेंबर १९१७ ला क्लून्स ऑडिटोरियममध्ये लागला आणि त्यात कापलेले सीन परत जोडलेले होते. दोन-तीन दिवसांत सरकारने प्रिंट जप्त केली. शिकागोत कापलेलं मुद्दाम परत घातलं म्हणजे हा निष्पाप धंदेवाला नाही, ह्याचा इरादाच वाईट, असं सरकारी वकिलांनी धरून ठेवलं आणि हाच मुद्दा त्याला सगळ्यात महागात पडला.

माझं मत विचाराल तर कारण बरंच साधं असावं. मारधाडीचे सीनच तिकीट खपवतात हे त्याने 'बर्थ ऑफ अ नेशन'च्या वेळी डोळ्यांनी बघितलं होतं. पण कोर्टात "मी देशद्रोही नाही, मला फक्त गल्ला हवा होता" हा बचाव चालत नाही.

६. जज खरंच असं म्हणाले का की इतिहास खरा असला तरी दाखवायचा नाही?

जवळपास तसंच. जज होते बेंजामिन ब्लेडसो. जप्त केलेली प्रिंट परत द्या ह्या अर्जावर ३० नोव्हेंबर १९१७ ला त्यांनी निकाल दिला, त्यात इतिहास तो इतिहास आणि सत्य ते सत्य, त्याबद्दल वाद नाही असं मान्य केलं, आणि लगेच पुढे म्हटलं की सध्या देशावर एवढं मोठं संकट आहे की मित्रराष्ट्राबद्दल द्वेष पसरेल, एकी मोडेल असं काही चालू द्यायची ही वेळ नाही. शांततेच्या काळात हाच पिक्चर चालला असता हेही त्यात आलंच.

पण म्हणून "पिक्चरमधलं सगळं खरं होतं हे कोर्टाने मान्य केलं" असा अर्थ काढू नका. ते कोर्टाने तपासलंच नाही. ९ बघा.

७. केसच्या नावात आरोपीच्या जागी पिक्चरचं नाव आहे. ही टायपो आहे का?

नाही. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध मोशन पिक्चर फिल्म द स्पिरिट ऑफ सेव्हन्टी सिक्स' हेच अधिकृत नाव. अमेरिकेत जप्तीची कारवाई थेट वस्तूविरुद्ध चालते, म्हणून पक्षकाराच्या जागी बोट, दारूची पिंपं, काहीही येतं, इथे रिळं आली. गोल्डस्टीनवरची फौजदारी केस वेगळी, नंतरची, आणि तिचं अपील १९१९ मध्ये फेटाळलं गेलं. लोक ह्या दोन्ही केस एक समजतात आणि मग तारखा जुळत नाहीत म्हणून मला विचारतात.

८. अमेरिकेत तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य घटनेतच आहे, मग फर्स्ट अमेंडमेंटचं काय? आणि तो सेडिशन अॅक्ट होता ना?

दोन प्रश्न आहेत, पहिला मोठा. १९१५ मध्ये म्युच्युअल फिल्म कंपनीच्या ओहायोमधल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगून टाकलं होतं की पिक्चर दाखवणं हा निव्वळ धंदा आहे, सर्कससारखा तमाशा, वर्तमानपत्रासारखं मतप्रदर्शन नाही. म्हणजे सिनेमाला अभिव्यक्तीचं संरक्षणच नाही! हा निकाल १९५२ पर्यंत टिकला. गंमत बघा, सेन्सॉर करायची वेळ आली की सिनेमा म्हणजे नुसता धंदा, आणि शिक्षा द्यायची वेळ आली की तोच सिनेमा सैन्यात बंड घडवू शकेल इतका ताकदीचा. दोन्ही एकदम खरं कसं असेल ते मला अजून कोणी समजावलेलं नाही. अर्थात नुसतं बोलणाऱ्यांनाही त्या काळात कोर्टाने वाचवलं नाहीच, समाजवादी नेते युजीन डेब्स यांना एका भाषणासाठी १९१८ मध्ये दहाच वर्षं दिली होती.

दुसरा छोटा: नाही. सेडिशन अॅक्ट (राजद्रोहाचा कायदा) म्हणतात ती ह्याच एस्पिओनाज अॅक्टमधली दुरुस्ती, १६ मे १९१८ ची, गोल्डस्टीन त्याच्या आधीच दोषी ठरला होता. मूळच्या १९१७ च्या कायद्यानेच त्याचं काम झालं.

९. ते हत्याकांडाचे सीन खरे होते का? खरा इतिहास दाखवला म्हणून शिक्षा असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

इथे मी नेहमी वाद ओढवून घेतो, पण सांगतो.

पिक्चरमधलं हत्याकांड वायोमिंग व्हॅलीचं, आणि ती लढाई खरी. हे वायोमिंग राज्य नव्हे, पेनसिल्व्हेनियामधलं खोरं. ३ जुलै १७७८ ला तिथे राजाच्या बाजूने लढणाऱ्या जॉन बटलरचे रेंजर आणि मुख्यतः सेनेका ह्या मूळ अमेरिकन जमातीचे योद्धे यांनी वसाहतवाल्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, सुमारे ३०० माणसं मेली, पळणाऱ्यांना आणि पकडलेल्यांनाही मारलं. भयंकरच होतं. पण मेलेले जवळजवळ सगळे हत्यारबंद पुरुष होते. बायका-पोरांची कत्तल वगैरे गोष्टी त्या वेळच्या पत्रकांतून आणि नंतरच्या कवितांतून फुगत गेल्या. मोहॉक ह्या दुसऱ्या मूळ अमेरिकन जमातीचा नेता जोसेफ ब्रँट ह्याच्यावर तर वायोमिंगचं खापर कैक वर्षं फुटलं आणि तो तिथे नव्हताच.

बायका-पोरं खरोखर मारली गेली ती चेरी व्हॅलीत, न्यूयॉर्कमध्ये, ११ नोव्हेंबर १७७८ ला, सुमारे ३० निःशस्त्र माणसं. तिथे म्होरक्या जॉन बटलरचा मुलगा वॉल्टर, आणि ब्रँट त्या वेळी हजर होता.

आता मुख्य गोष्ट, बटलरचे रेंजर म्हणजे लंडनहून आलेले लाल कोटवाले नव्हेत. ते राजाशी इमान राखणारे अमेरिकन वसाहतवालेच, एकेकाळचे शेजारी. त्यामुळे ब्रिटिश सोल्जर संगिनीवर बाळ उचलतोय हा जो सीन गाजला, तो वायोमिंगचा इतिहास नाही, ती युद्धातली ठेवणीतली अफवा आहे. १९१७ मध्ये अगदी हीच गोष्ट बेल्जियममधल्या जर्मन सोल्जरांबद्दल पोस्टरांवर आणि पिक्चरमध्ये दाखवत होते आणि त्याला मात्र कोणी अडवत नव्हतं!

कॅथरीन माँटूर नावाची बाईही इतिहासात आहे, सेनेकांमधली मोठी असामी, तिच्या नावाचं गावच होतं, ते वॉशिंग्टनने पाठवलेल्या सलिव्हनच्या फौजेने १७७९ मध्ये जाळलं. राजाची प्रेयसी वगैरे शुद्ध पिक्चरवाल्यांचा मसाला. गाव जाळल्याचा सीन कुठल्याच पिक्चरवाल्याला सुचला नाही ते सोडा.

तर पिक्चर खोटा होता म्हणून शिक्षा योग्य, असं म्हणतोय का मी? अजिबात नाही. भडक पिक्चर काढणं हा दहा वर्षांच्या तुरुंगाचा गुन्हा होऊ शकत नाही. पण त्याला सत्याचा हुतात्मा करायचं काही कारण नाही, अन्याय झाला एवढं पुरेसं आहे.

१०. तो जर्मन एजंट होता का?

हेरगिरीचा आरोप त्याच्यावर ठेवलाच नव्हता. कायद्याचं नाव हेरगिरीचं असल्यामुळे (४ बघा) हा गोंधळ होतो. आईवडील जर्मन आणि आडनाव गोल्डस्टीन, ह्याचा १९१८ च्या ज्युरीवर काय परिणाम झाला असेल ते तुम्हीच ठरवा, त्या दिवसांत सॉरक्राउटला (आंबवलेला कोबी, नाव जर्मन) लिबर्टी कॅबेज म्हणजे 'स्वातंत्र्य-कोबी' म्हणायची टूम निघाली होती.

११. मग दहा वर्षं बसला का आत?

नाही. अपील हरल्यावर अध्यक्ष विल्सन यांनी शिक्षा दहाची तीन वर्षं केली. वॉशिंग्टन राज्यात मॅकनील बेटावरच्या फेडरल तुरुंगात होता. बाहेर आला तोपर्यंत युद्ध संपलं होतं, धंदा बसला होता. १९२१ मध्ये न्यूयॉर्कला पिक्चर परत लावला, तेव्हा कोणी अडवला नाही आणि कोणी फारसा बघितलाही नाही. मग युरोपात जाऊन पिक्चरच्या धंद्यात परत उभं राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

१२. तो हिटलरच्या छळछावणीत मेला असं एका व्हिडिओत सांगितलंय...

बऱ्याच जुन्या लेखांत हेच आहे, कारण त्याची शेवटची माहीत असलेली पत्रं जर्मनीतून आली होती आणि माणूस ज्यू, त्यामुळे लोकांनी दोन अधिक दोन केलं. पण नंतर सापडलेल्या एका तारेवरून तो १९३० च्या दशकातच न्यूयॉर्कला परत आला होता असं दिसतं. तेव्हा छळछावणीची गोष्ट पुढे पाठवू नका, प्लीज.

१३. पिक्चर कुठे बघायला मिळेल? यूट्यूबवर लिंक आहे का?

नाही, आणि कोणी लिंक पाठवली तर तो दुसरा पिक्चर आहे (१ बघा). ह्याची एकही प्रिंट शिल्लक नाही. काही फोटो आहेत, कोर्टाचे कागद आहेत, पेपरातलं लिखाण आहे. सरकारने जाळला म्हणून गेला असं समजू नका, १९२१ ला तो दाखवता येण्यासारखा होता म्हणजे तोवर प्रिंट होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेते आणि नीट ठेवली नाही तर आपोआप चिकट होऊन शेवटी भुकटी होते. अमेरिकेतले जवळपास ७० टक्के मोठे मूकपट असेच गेलेत. न चाललेल्या, बदनाम पिक्चरची रिळं कोण सांभाळणार.

१४. ग्रिफिथने पण स्वातंत्र्ययुद्धावर पिक्चर काढला होता, त्याला का नाही पकडलं?

'अमेरिका', १९२४. व्हिलन कोण, तर तोच वॉल्टर बटलर, काम केलंय लायोनल बॅरिमोरने, आणि हत्याकांडंही आहेत. पण युद्ध संपून सहा वर्षं झालेली, आणि ग्रिफिथने सगळं पाप बटलरच्या डोक्यावर टाकून ब्रिटिशांना बऱ्यापैकी सांभाळून घेतलं. तरीही ब्रिटनमध्ये तो 'लव्ह अँड सॅक्रिफाइस' अशा गुळमुळीत नावाने लावावा लागला.

१५. ह्या सगळ्याचा भारताशी काही संबंध आहे का?

पिक्चरचा थेट नाही. पण तारखा बघा. नोव्हेंबर १९१७ मध्ये लॉस एंजेलिसला रिळं जप्त होत होती तेव्हाच सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात गदरवाल्यांचा (अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या संघटनेचा) खटला सुरू झाला होता, जर्मनीच्या मदतीने हिंदुस्थानात ब्रिटिशांविरुद्ध उठाव रचला आणि अमेरिकेची तटस्थता मोडली म्हणून. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे (ज्यांना १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली) ते ह्याच गदरच्या चळवळीतले. २३ एप्रिल १९१८ ला त्या कोर्टातच रामचंद्र ह्या गदर नेत्याला गोळी घालून मारलं, मारणारा रामसिंगही तिथेच मार्शलच्या गोळीने गेला. म्हणजे त्याच एप्रिलमध्ये, त्याच कॅलिफोर्नियात, एकीकडे ब्रिटिशांविरुद्ध चालू असलेल्या लढ्याबद्दल आणि दुसरीकडे ब्रिटिशांविरुद्ध दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या लढ्याच्या पिक्चरबद्दल, दोन्हीकडे माणसं दोषी ठरत होती. आणि ठरवणारा देश स्वतः ब्रिटिशांविरुद्ध लढून झालेला.

१६. आपल्याकडे मूकपटांच्या काळात असं काही झालं का?

जेल नाही, पण कात्री आणि बंदी भरपूर. 'भक्त विदूर' (१९२१) मध्ये विदूर गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराचीकडे बंदी आली. आणि आपल्या कोल्हापूरच्या प्रभातचा 'उदयकाल' (१९३०), शांतारामबापूंनी दिग्दर्शनही केलं आणि शिवाजी महाराजांचं कामही, त्याचं आधीचं नाव 'स्वराज्य तोरण'. 'स्वराज्य' म्हटल्यावर सेन्सॉर उठून बसला आणि नाव बदलावं लागलं. इथे ब्रिटिश पडद्यावर नव्हतेच, लढा मोगल-आदिलशाहीशी, तरी साहेबाला बरोबर कळलं कोणाबद्दल चाललंय.

१७. आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबला ह्यावर कार्यक्रम करायचाय, पण पिक्चरच नाही तर दाखवणार काय?

ग्रिफिथचा 'अमेरिका' दाखवा, तो शिल्लक आहे आणि अमेरिकेत त्याचा कॉपीराइटही संपलाय. पूर्ण नको, लांब आहे, बटलरचे सीन तेवढे घ्या. त्याआधी ब्लेडसो जजच्या निकालाची दोन पानं कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, भाषा फर्डी आहे, ऐकायला मजा येते. मग पोरांना ज्युरी करा आणि नोव्हेंबर १९१७ ची तारीख फळ्यावर लिहून विचारा, ह्या सीनसाठी किती वर्षं. प्रोजेक्टर लावण्याआधी स्पीड चेक करा मात्र, मूकपट चुकीच्या स्पीडला लावला की सगळे तुरुतुरु पळतात आणि हत्याकांडाला हॉल हसायला लागतो.